गाणी डिस्कवर आहेत, पण म्युझिक सर्व्हरवर दिसत नाहीत: दोष कसा शोधायचा

घरचा म्युझिक सर्व्हर उभा करणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. खरी डोकेदुखी सुरू होते ती गाणी चढवल्यावर. डिस्कवर तीनशे अल्बम आहेत, सर्व्हर दाखवतो अडीचशे. एकाच अल्बमचे सात तुकडे झालेले असतात, मराठी नावांच्या जागी भलतीच अक्षरं दिसतात आणि एखादं फोल्डर तर कधी अस्तित्वातच नव्हतं अशा थाटात गायब असतं. त्यात सर्व्हर तक्रारही करत नाही. न वाचता आलेली फाइल तो गुपचूप ओलांडून पुढे जातो.

उदाहरणासाठी इथे नॅव्हिड्रोम हा म्युझिक सर्व्हर घेतला आहे: रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर डॉकरमधून (प्रोग्रामला ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारी सोय) चालणारा, गाणी यूएसबी डिस्कवर. तुमच्याकडे जेलीफिन असेल किंवा लिरियन (पूर्वीचा लॉजिटेक मीडिया सर्व्हर) असेल, तर बटणांची नावं बदलतील, दुखणी बहुतेक हीच.

बहुतेक जण गाणं दिसलं नाही की थेट टॅग (फाइलच्या आत लिहिलेली गाणं, गायक, अल्बम यांची माहिती) दुरुस्त करायला बसतात. अख्ख्या संग्रहाचे टॅग नव्याने लिहितात, रविवार जातो, आणि शेवटी कळतं की डिस्क सर्व्हरला जोडलेलीच नव्हती. म्हणून क्रम पाळा. आधी फाइल धड आहे का, मग ती सर्व्हरपर्यंत पोचते का, मग त्याला ती वाचायची परवानगी आहे का, मग स्कॅन (सर्व्हरने डिस्क चाळून गाणी नोंदवणं) झालं का. टॅगचा नंबर या सगळ्यानंतर.

पायरी १: एकच गाणं पकडा

न दिसणाऱ्या गाण्यांपैकी एक निवडा आणि शेवटपर्यंत त्याचाच माग काढा. सगळा संग्रह एकदम तपासायला गेलात तर तीन वेगळे दोष एकमेकांत मिसळतील.

अल्बमच्या यादीत न शोधता सर्व्हरच्या शोधपट्टीत गाण्याच्या नावाने शोधा, मग फाइलच्या नावाने. सापडलं, तर ते चढलंय, फक्त भलत्या ठिकाणी बसलंय. मग मधल्या पायऱ्या सोडून सरळ सहाव्या पायरीवर या. सापडलं नाही, तर शेजारपाजार बघा. काहीच दिसत नसेल तर पत्ता किंवा डिस्क जोडण्यात घोळ आहे. एकच फोल्डर गायब असेल तर परवानगीवर संशय घ्या. त्या फोल्डरमध्ये ‘.एनडीइग्नोर’ नावाची लपलेली फाइल पडलेली नाही ना, हेही बघा, कारण ती रिकामी असली तरी नॅव्हिड्रोम ते अख्खं फोल्डर सोडून देतो. जेलीफिनमध्ये ‘.इग्नोर’ हेच काम करते. आणि फोल्डरमधली बाकीची गाणी दिसत असून एखाददुसरंच नसेल, तर बहुधा ती फाइलच खराब आहे.

पायरी २: फाइल खरंच गाण्याची आहे का?

पहिली तपासणी आकाराची. सीडीच्या दर्जाची वेव्ह फाइल मिनिटाला साधारण १० एमबी भरते, फ्लॅक त्याच्या निम्म्याच्या आसपास, ३२० केबीपीएसची एमपी३ मिनिटाला सुमारे २.४ एमबी आणि १२८ची साधारण १ एमबी. पाच मिनिटांचं गाणं ४० केबीचं असेल तर पुढे तपासण्यात अर्थ नाही.

नेहमी भेटणारे काही तोतये सांगतो. विंडोजमध्ये ऑडिओ सीडी उघडून ट्रॅक नुसते ओढून फोल्डरमध्ये टाकले की ‘सीडीए’ फाइल्स तयार होतात. प्रत्येकी ४४ बाइट. त्यांत आवाज नसतोच, सीडीवर ट्रॅक कुठे आहे एवढीच नोंद असते. सीडी रीतसर उतरवावी लागते, त्यासाठी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी किंवा फ्री-एसी वापरा. कॅसेट ऑडॅसिटीत उतरवून घेणारे बरेचदा ‘एयूपी३’ ही प्रकल्पाची फाइलच डिस्कवर टाकतात. तीही सर्व्हरला कळत नाही, ऑडॅसिटीतून फ्लॅक म्हणून एक्स्पोर्ट करायला हवं. मॅकवरून एक्सफॅट डिस्कवर गाणी टाकली असतील तर प्रत्येक गाण्यासोबत टिंब आणि अधोरेघेने सुरू होणारी, बहुधा ४ केबीची जुळी फाइल येते. नाव गाण्याचं, शेपूटही (नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारा भाग) ‘एमपी३’चं, पण आत गाणं नाही. काही सर्व्हर त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात, काही लॉग (सर्व्हरची नोंदवही) भरून रडतात. खुशाल पुसून टाका.

‘एम४पी’ फाइल्स कुलूपबंद असतात. आयट्यून्स स्टोअरने २००९ मध्ये गाण्यांवरचं हे कुलूप काढलं, पण त्याआधीची खरेदी अजून लोकांच्या डिस्कवर पडून आहे. स्ट्रीमिंग ॲपमध्ये ऑफलाइन ऐकण्यासाठी उतरवलेल्या गाण्यांचंही तेच. ती त्या ॲपबाहेर चालत नाहीत, त्यांच्यामागे वेळ घालवू नका.

एक प्रकार मात्र खराब फाइलचा नसतो, तरी तसाच भासतो. पूर्ण अल्बमची एकच मोठी फ्लॅक फाइल आणि सोबत कोणता ट्रॅक कुठे सुरू होतो हे सांगणारी छोटी ‘क्यू’ फाइल. लिरियन ती क्यू फाइल वाचून ट्रॅक वेगळे दाखवतो. नॅव्हिड्रोम तसं करत नाही, त्याला तासाभराचं एक गाणं दिसतं. लिनक्सवर फ्लॅकॉन हे साधन क्यू फाइलवरून ट्रॅक नीट तोडून देतं.

‘व्हीएलसीत तर वाजतंय’ हा पुरावा धरू नका. व्हीएलसी कमालीचा सोशिक आहे. अर्धवट कॉपी झालेली फाइल, चुकीचं शेपूट लावलेली फाइल, सगळं तो चालवून घेतो. सर्व्हर आधी शेपूट बघतो, मग आत डोकावतो. फ्लॅकच्या बाबतीत पक्की तपासणी करता येते, कारण मूळ आवाजाचा एमडी५ ठसा (आवाजावरून काढलेली पडताळणीची खूण) फाइलमध्येच नोंदलेला असतो. फ्लॅकच्या स्वतःच्या प्रोग्रामला चाचणी घ्यायला सांगितलं की तो आवाज उलगडून ठशाशी ताडून बघतो. एमपी३मध्ये असा ठसा नाही, तिथे मूळ प्रतीशी आकार जुळवणं हाच सोपा मार्ग.

पायरी ३: सर्व्हरला ते फोल्डर दिसतं का?

सगळ्यात जास्त माणसं इथे अडकतात, म्हणून सावकाश बघू.

डॉकरमधला सर्व्हर तुमच्या मशीनची डिस्क थेट बघत नाही. रचनेच्या फाइलमध्ये ‘व्हॉल्यूम’खाली तुम्ही एक ओळ लिहिलेली असते. मध्ये कोलन (:), डावीकडे तुमच्या मशीनवरचा खरा पत्ता, उजवीकडे कंटेनरच्या आतला पत्ता. नॅव्हिड्रोममध्ये उजवीकडे सहसा ‘/म्युझिक’ असतं. आता, सर्व्हरच्या सेटिंगमध्ये गाण्यांच्या फोल्डरचा पत्ता द्यायचा झाला तर तो नेहमी उजवीकडचा. डावीकडचा तिथे टाकला तर सर्व्हर म्हणतो असं फोल्डरच नाही, आणि त्याच्या जागी त्याचं बरोबरच असतं.

डावीकडच्या पत्त्यात चूक झाली तर प्रकरण जास्त फसवं. या आखूड लिहिण्याच्या पद्धतीत डावीकडचं फोल्डर अस्तित्वात नसेल तर डॉकर चूक दाखवत नाही, त्या नावाचं नवं रिकामं फोल्डर बनवून मोकळा होतो. लिनक्सला लहान-मोठी रोमन लिपी वेगळी वाटते, त्यामुळे पहिलं अक्षर कॅपिटल पडलं एवढ्यानेही हे घडतं. सर्व्हर आनंदाने सुरू होतो, स्कॅन दोन सेकंदांत संपतं, गाणी शून्य. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तपासायचं असं: कंटेनरच्या आत शिरून ‘/म्युझिक’मधली यादी मागा. ‘डॉकर एक्झेक’ने हे एका ओळीत होतं. आत तुमची फोल्डरं दिसली तर ही पायरी पार. बाहेर मशीनवर दिसतात पण आत दिसत नाहीत, तर पत्ता चुकलाय किंवा डिस्क उशिरा जोडली गेली.

हे उशिरा जोडलं जाणं नीट समजून घ्या. वीज गेली, परत आली, रास्पबेरी पाय आपोआप सुरू झाला, कंटेनर उठला, आणि यूएसबी डिस्क चार सेकंद मागे राहिली. कंटेनरने तोपर्यंत डिस्कखालचं रिकामं फोल्डर धरलेलं असतं. नंतर डिस्क जोडली गेली तरी नेहमीच्या मांडणीत त्याला ती दिसत नाही. कंटेनर पुन्हा सुरू केला की गाणी परत हजर. कायमचा इलाज म्हणजे डिस्कची नोंद ‘एफस्टॅब’ फाइलमध्ये (मशीन सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या याची यादी) तिच्या यूयूआयडीने, म्हणजे डिस्कच्या कायमच्या ओळख-क्रमांकाने, करायची. डिस्क लागली नाही म्हणून मशीन सुरू होतानाच अडकू नये यासाठी ‘नोफेल’ हा पर्याय जोडायचा, आणि डिस्क जोडली गेल्यावरच डॉकर सुरू होईल अशी व्यवस्था करायची.

स्कॅन दर वेळी वेगवेगळ्या ठिकाणी तुटत असेल आणि लॉगमध्ये ‘इनपुट/आउटपुट एरर’ दिसत असेल, तर आधी विजेचा संशय घ्या. रास्पबेरी पाय ४ त्याच्या सगळ्या यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअरपर्यंतच देतो. वेगळा ॲडॅप्टर नसलेली फिरती हार्डडिस्क जास्त काम पडलं की मान टाकते. स्वतःची वीज असलेला यूएसबी हब घेतला की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. तरीही चुका येत राहिल्या तर डिस्क मरायला टेकली आहे, दुसरं काही करण्याआधी गाण्यांची प्रत काढा.

पायरी ४: दिसतं, पण वाचता येतं का?

लॉगमध्ये ‘पर्मिशन डिनाइड’ शोधा. लिनक्सवर फोल्डरमध्ये शिरायला नुसती वाचण्याची परवानगी पुरत नाही, ‘एक्झिक्यूट’ही लागते. वरपासून खालपर्यंतच्या प्रत्येक फोल्डरला लागते. फोल्डरांना ७५५ आणि फाइल्सना ६४४ (परवानग्यांचे आकडे: मालकाला लिहिता येतं, बाकीच्यांना फक्त वाचता येतं) ही घरच्या वापराला पुरेशी मांडणी. सगळ्याला ७७७ (सर्वांना सगळी मुभा) देऊन टाका असा सल्ला सर्रास मिळतो, तो मानू नका. दोष त्याने झाकला जातो, आणि घरातलं कुठलंही ॲप तुमची गाणी पुसू शकतं.

यूएसबी डिस्क डेस्कटॉपवर आपोआप उघडण्याचा एक खास सापळा आहे. उबंटूसारख्या प्रणालीत ती ‘मीडिया’ फोल्डरमध्ये तुमच्या नावाखाली जोडली जाते, आणि ते तुमच्या नावाचं फोल्डर फक्त तुमच्यासाठी उघडं असतं. तुम्हाला गाणी दिसतात, वाजतात. जेलीफिन मात्र स्वतःच्या वेगळ्या वापरकर्त्याने चालतो, त्याला दारातच अडवलं जातं. शिवाय तुम्ही लॉगिन करेपर्यंत डिस्क जोडलीच जात नाही. सर्व्हरची डिस्क ‘एमएनटी’ फोल्डरखाली, एफस्टॅबमधूनच जोडा. दोन्ही प्रश्न एकदम सुटतात.

डिस्क कोणत्या पद्धतीने फॉरमॅट केली आहे (एक्सफॅट, एनटीएफएस, एक्सटी४) त्यावरही बरंच अवलंबून असतं. एक्सफॅट डिस्कवर लिनक्सच्या परवानग्या साठतच नाहीत. तिथे परवानगी बदलायचा हुकूम देऊन काही होत नाही, डिस्क जोडतानाच मालकाचा क्रमांक सांगावा लागतो. डॉकरच्या रचनेत ‘यूजर’पुढे १०००:१००० लिहिलं असेल तर तोच क्रमांक इथेही. एनटीएफएस डिस्क विंडोजच्या ‘फास्ट स्टार्टअप’मधून अर्धवट झोपेत असताना काढली असेल तर लिनक्स ती एकतर जोडतच नाही, नाहीतर फक्त वाचण्यापुरती जोडतो. विंडोजमध्ये ती सोय बंद करून नीट शटडाउन करा. डिस्क कायमची सर्व्हरलाच राहणार असेल तर एक्सटी४ करून टाकणं उत्तम, अर्थात गाण्यांची प्रत दुसरीकडे ठेवल्यावरच.

पायरी ५: स्कॅन झालं का?

गाणी नासवर (घरच्या नेटवर्कला जोडलेली सामायिक डिस्क) किंवा दुसऱ्या मशीनवर असतील तर नवी फाइल पडल्याबरोबर सर्व्हरला कळेल या भरवशावर राहू नका. ही खबर देणारी लिनक्समधली सोय आपल्याच डिस्कवरच्या बदलांपुरती आहे, नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये दुसऱ्या मशीनने केलेला बदल तिला कळत नाही. ठरावीक वेळाने स्कॅन लावा किंवा हाताने करा.

टॅग बदलले, स्कॅनही केलं, तरी सर्व्हर जुनंच दाखवतोय? झटपट स्कॅन फाइलच्या बदलाची वेळ बघतं. पिकार्ड आणि एमपी३टॅग या टॅग बदलण्याच्या दोन्ही प्रोग्रामांत टॅग लिहिताना फाइलची जुनी वेळ तशीच ठेवण्याचा पर्याय आहे. तो चालू असेल तर सर्व्हरच्या लेखी फाइल बदललेलीच नाही. तो पर्याय बंद करा आणि एकदा पूर्ण स्कॅन द्या. नॅव्हिड्रोममध्ये वर उजवीकडच्या हालचालीच्या चिन्हात झटपट आणि पूर्ण अशी दोन्ही बटणं मिळतात.

पायरी ६: गाणं चढलं, पण भलत्या जागी

नॅव्हिड्रोम गाणी लावतो ती टॅगवरून. फोल्डरला कितीही सुंदर नाव द्या, आत टॅग नसेल तर गाणं ‘अननोन’च्या ढिगात जाणार. जेलीफिनही टॅग वाचतो, पण त्याला एका अल्बमला एक फोल्डर अशी शिस्तही लागते.

अल्बमचे तुकडे होण्याचं पहिलं कारण ‘अल्बम आर्टिस्ट’ हा रकाना. मराठी चित्रपटाच्या अल्बममध्ये आठ गाणी, पाच गायक असतात. हा रकाना रिकामा असला की प्रत्येक गायकाचा वेगळा अल्बम होतो. आठही गाण्यांना एकच अल्बम आर्टिस्ट द्या. सर्वमान्य उत्तर ‘व्हेरियस आर्टिस्ट्स’ आणि सोबत कंपायलेशनची खूण. मला स्वतःला मराठी चित्रपटगीतांसाठी तिथे संगीतकाराचं नाव टाकणं आवडतं, कारण आपण अल्बम आठवतो तो बहुधा संगीतकाराच्या नावाने. काहीही निवडा, पण सगळीकडे तेच.

अल्बम आर्टिस्ट सारखा असूनही तुकडे झाले तर नॅव्हिड्रोमच्या ०.५५ पासूनच्या आवृत्त्यांत कारण आणखी खोल असतं. तिथे अल्बमची ओळख पटवताना आधी म्युझिकब्रेन्झचा (पिकार्ड जिथून माहिती घेतो तो संगीताचा ऑनलाइन माहितीसाठा) क्रमांक बघितला जातो, तो नसेल तर अल्बम आर्टिस्ट, अल्बमचं नाव, आवृत्ती आणि प्रकाशनाची तारीख. निम्मी गाणी पिकार्डमधून गेली आणि निम्मी राहिली, की एका अल्बमचे दोन झाले. एका गाण्याला प्रकाशनाची तारीख आहे, दुसऱ्याला नाही, तरी तेच. एमपी३टॅग किंवा किड३ या तशाच प्रोग्राममध्ये अल्बमची सगळी गाणी एकदम निवडा. जिथे नोंदी वेगवेगळ्या आहेत तो रकाना लगेच नजरेत भरतो.

कलाकारांची गर्दी हा पुढचा ताप. ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’, ‘पंडित भीमसेन जोशी’ आणि रोमन लिपीतले भीमसेन जोशी, सर्व्हरच्या हिशेबी हे चार गायक. नावाच्या शेवटी चुकून पडलेली मोकळी जागा कधीकधी पाचवा तयार करते. युगुलगीतात दोन नावांमध्ये ‘व’ किंवा ‘आणि’ लिहिलं तर नॅव्हिड्रोम त्यांना एकच कलाकार समजतो. मध्ये अर्धविराम (;) आणि मोकळी जागा दिली की दोघांच्या पानांवर गाणं दिसतं.

पायरी ७: देवनागरीची खास दुखणी

नावाच्या जागी डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’ पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर अक्षरं यूटीएफ-८ या युनिकोडच्या पद्धतीत लिहिली गेलीत पण टॅगवर शिक्का पश्चिम युरोपीय लिपीचा आहे. एमपी३चे टॅग लिहिण्याची पद्धत म्हणजे आयडी३. तिच्या २.३ आवृत्तीत यूटीएफ-८ला जागाच नाही, यूटीएफ-१६ चालतं. २.४ मध्ये दोन्ही चालतात. नाव पुन्हा टाइप करा आणि टॅग या दोहोंपैकी एका धड प्रकारात साठवा. नाव मध्येच तुटलेलं दिसलं तर सर्व्हर आयडी३ची जुनी पहिली आवृत्ती वाचतोय. तिथे शीर्षकाला ३० बाइटच मिळतात, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, ३ बाइट खातं. म्हणजे दहा चिन्हांत खेळ खलास. तो जुना टॅग काढून टाका. युनिकोडपूर्वीच्या मराठी फॉन्टांत टाइप केलेली नावं तर कुठल्याच सेटिंगने सुधारत नाहीत, ती युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागतात.

आता खास मराठी गंमत. ‘वाऱ्यावर’, ‘ताऱ्यांची’ अशा शब्दांतला तो अर्धा र तीन प्रकारे लिहिता येतो: ऱ हे एकच चिन्ह वापरून, साध्या र ला खाली नुक्ता जोडून, किंवा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडणी-चिन्ह टाकून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. पण फोनच्या कीबोर्डने एक प्रकार लिहिला, लॅपटॉपने दुसरा, की त्याच नावाचे दोन अल्बम शेजारी शेजारी उभे, आणि डोळ्यांना फरक शून्य. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या नियमाने समान धरले जातात, प्रोग्राम नीट असेल तर तो त्यांना एकत्र करतो. तिसरा वेगळाच राहतो. शोधत बसू नका, एका गाण्यातलं अल्बमचं नाव कॉपी करून बाकी सगळ्यांत चिकटवा.

फाइलच्या नावाचीही मर्यादा आहे. एक्सटी४ वर नाव २५५ बाइटांपेक्षा लांब चालत नाही, म्हणजे शुद्ध देवनागरीत ८५ चिन्हं. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये मोजणी वेगळी असल्याने तिथे याच्या जवळजवळ तिप्पट मावतात. त्यामुळे शास्त्रीय मैफलीच्या फाइलला राग, ताल, गायक, साथीदार, गाव, साल असं सगळं नावातच कोंबलं असेल तर विंडोजवर ती सुखाने नांदते आणि रास्पबेरी पायवर कॉपी करताना गळते. नाव छोटं ठेवा, तपशील टॅगमध्ये टाका. वेव्ह असेल तर आधी फ्लॅक करा. आवाजात काडीचाही फरक पडत नाही, आणि वेव्हमधले टॅग प्रत्येक प्रोग्राम आपापल्या पद्धतीने वाचतो.

मुखपृष्ठ दिसत नसेल तर फार खोलात जाऊ नका. अल्बमच्या फोल्डरमध्ये ‘कव्हर’ किंवा ‘फोल्डर’ या रोमन नावाने चित्र ठेवा.

पायरी ८: डेटाबेस पुसण्याआधी

सर्व्हरचा डेटाबेस पुसून पहिल्यापासून सुरू करणं हा शेवटचा उपाय, तोही क्वचितच लागतो. गाणी त्याने जात नाहीत, पण प्लेलिस्ट, आवडीच्या खुणा, कोणतं गाणं किती वेळा ऐकलं हे सगळं जातं. तसं करायचंच असेल तर सर्व्हर बंद करून ‘डेटा’ फोल्डरची प्रत आधी बाजूला काढा. ते फोल्डर नेटवर्कवरच्या डिस्कवर ठेवू नका, त्यातला एसक्यूलाइट डेटाबेस तिथे बिघडू शकतो.

एखाद्या दिवशी सगळीच गाणी एकदम ‘मिसिंग फाइल्स’च्या यादीत गेलेली दिसली, तर ते तिसऱ्या पायरीतलं डिस्कचं प्रकरण आहे. नॅव्हिड्रोम हरवलेल्या गाण्यांच्या नोंदी स्वतःहून पुसत नाही. डिस्क जोडा, कंटेनर पुन्हा सुरू करा, पूर्ण स्कॅन द्या. गाणी प्लेलिस्टसकट परत येतात. मात्र त्या यादीतलं काढून टाकण्याचं बटण त्याआधी दाबलंत, तर नोंदी गेल्या.